आज गोल कोण करणार?

मैत्रिणींनो, फुटबॉल हा काही आपल्या गप्पांचा विषय नाही. माझाही नव्हता. पण लेक टीव्हीसमोरून हलेना, म्हणून मीही भाजी निवडत तिच्याशेजारी बसले आणि बघता बघता त्यात रमले.

जून-जुलै २०२५ मध्ये थायलंडमधल्या चिआंग माईला आशियाई चषकाची पात्रता फेरी झाली. आपल्या मुलींनी चार सामन्यांत २४ गोल केले. मंगोलियाविरुद्ध १३ झाले, त्यातले पाच एकट्या प्यारी खाखाचे. वाटलं, आता सगळी भिस्त हिच्यावरच! पण इराकविरुद्ध पाच गोल झाले ते पाच जणींचे: संगीता बासफोर, मनीषा कल्याण, कार्तिका अंगमुथू, निर्मला देवी आणि रतनबाला देवी. शेवटी बलाढ्य यजमान थायलंडला २-१ असं हरवलं, तेव्हा दोन्ही गोल संगीताचे. ती तर मधल्या फळीत खेळते! पात्रता फेरी खेळून आशियाई चषक गाठण्याची आपल्या मुलींची ही पहिलीच वेळ.

यातली गंमत साधी आहे. गोल एकच जण करत असेल, तर समोरचा संघ तिलाच घेरून टाकतो. कुणीही करू शकत असेल, तर घेरणार कुणाला? गोल वाटून घेणं म्हणजे सगळ्यांना सारखा वाटा नव्हे. आज एकीचं जमलं नाही तर दुसरी तयार असणं.

पुरुषांच्या संघाचं बघा. सुनील छेत्री जून २०२४ मध्ये ९४ गोल करून निवृत्त झाला. वर्षही झालं नाही, तोच मार्च २०२५ मध्ये चाळिशीतल्या छेत्रीला परत बोलवावं लागलं. त्याचा मोठेपणा आहेच. पण क्लबांमध्ये गोल करण्याची जागा बहुतेकदा परदेशी खेळाडूला मिळते, मग आपली पोरं शिकणार कुठे?

हे ऐकताना मला आमचा बचत गट आठवला. हिशेब, बँक, कर्जाचे अर्ज, सगळं वर्षानुवर्षं एकाच ताई बघायच्या. त्या आजारी पडल्या आणि दोन महिने कामच अडलं. चूक त्यांची नव्हती, आमची होती. आम्ही कुणी वही हातातच घेतली नव्हती.

आता दर महिन्याला वही वेगळ्या बाईकडे असते. बेरजा चुकतात, चुकू देत. तुमच्या गटात, तुमच्या घरात सगळे गोल कोण करतंय, एकदा मोजून बघा बरं!