‘मिमेसिस’मागचा पगार

साहित्यसिद्धान्ताच्या तासाला एरिख ऑरबाख यांचे नाव निघाले, की त्यामागोमाग एक कथा येते. ज्यू म्हणून जर्मनीतून हाकलला गेलेला एक विद्वान इस्तंबूलला पोहोचतो. तिथे त्याच्या विषयाची समृद्ध ग्रंथालये नाहीत, नियतकालिके नाहीत. नेमक्या त्या उणिवेतूनच १९४२ ते १९४५ या युद्धकाळात होमरपासून व्हर्जिनिया वुल्फपर्यंतच्या वास्तवचित्रणाचा वेध घेणारा ‘मिमेसिस’ हा ग्रंथ लिहून होतो. कथेचे बीज खुद्द ऑरबाख यांनीच ग्रंथाच्या अखेरीस पेरून ठेवले होते. पुढे एडवर्ड सईद यांनी तिला सिद्धान्ताची उंची दिली, आणि निर्वासितपण ही जणू समीक्षकाची आदर्श अवस्थाच ठरली. कादर कोनुक यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात इस्तंबूल हे काही बौद्धिक वाळवंट नव्हते, असे पुराव्यांनिशी दाखवले आहे. तरीही वर्गावर्गांतून जुनीच कथा चालू आहे, कारण ती सांगायला सोपी आणि ऐकायला गोड आहे.

आमचा आक्षेप ग्रंथालयाविषयी नाही. या कथेत पगार नाही, हा आमचा आक्षेप आहे. ऑरबाख इस्तंबूलला अकरा वर्षे राहिले ते विद्यापीठाचे पगारी प्राध्यापक म्हणून. ती जागा आकाशातून पडलेली नव्हती. तिच्यामागे काही माणसे होती, त्यांनी लिहिलेली पत्रे होती, एक करार होता. यांतले एकही नाव आमच्या विद्यार्थ्यांच्या टिपणवहीत सापडणार नाही, आणि त्याचा दोष विद्यार्थ्यांकडे जात नाही.

७ एप्रिल १९३३ रोजी जर्मनीत सरकारी सेवेसंबंधीचा तो कुप्रसिद्ध कायदा झाला. जर्मन विद्यापीठांतील प्राध्यापक सरकारी नोकर असल्याने ज्यू आणि राजकीयदृष्ट्या नकोशा अध्यापकांची पदे एका फटक्यात धोक्यात आली. फ्रँकफुर्टचे विकृतिशास्त्राचे प्राध्यापक फिलिप श्वार्ट्झ झुरिकला निसटले. तिथे त्यांनी त्याच वर्षी बडतर्फ विद्वानांची ‘नोटगेमाइनशाफ्ट’ उभी केली. संकटकाळी एकमेकांना धरून राहणाऱ्यांची संघटना, असा त्या शब्दाचा आशय घेता येईल. याच सुमारास अतातुर्कच्या तुर्कस्तानात विद्यापीठाची पुनर्रचना चालली होती. श्वार्ट्झ अंकाराला गेले आणि ६ जुलै १९३३ रोजी तुर्की शिक्षणमंत्र्यांशी तासन्‌तास बसून त्यांनी तिसाएक प्राध्यापकांच्या नेमणुका ठरवून घेतल्या. पोट फाडून रोगाचे मूळ शोधणारा हा माणूस वाटाघाटीच्या टेबलावर विधिशास्त्र, अर्थशास्त्र, रसायनशास्त्र अशा विषयांच्या जागा भरत होता. करारात अटीही होत्या. त्यांपैकी महत्त्वाची अशी, की पहिली काही वर्षे दुभाष्यामार्फत शिकवावे आणि पुढे तुर्कीतून व्याख्याने द्यावीत.

या व्यवहाराला काळी बाजू होतीच. त्या पुनर्रचनेत जुन्या ‘दारुल्फुनून’मधील दीडशेहून अधिक तुर्की अध्यापकांना घरी पाठवण्यात आले होते, आणि परदेशी प्राध्यापकांना स्थानिकांपेक्षा बराच अधिक पगार मिळत होता. एकाची बडतर्फी दुसऱ्याच्या बडतर्फीवर उतारा ठरली. निर्वासितपणाचे काव्य करणाऱ्यांच्या लेखनात याचा उल्लेख क्वचितच येतो.

कोलोनहून बडतर्फ झालेले शैलीविज्ञानाचे थोर अभ्यासक लिओ स्पिट्झर १९३३ साली इस्तंबूलला रुजू झाले. १९३६ मध्ये ते अमेरिकेला, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात गेले आणि त्यांच्या जागी मारबुर्गहून काढून टाकलेले ऑरबाख आले. जागा एक आणि इच्छुक अनेक, हा आपल्याला चांगला परिचित असलेला हिशेब इथेही होता. ड्रेस्डेनचे व्हिक्टर क्लेम्पेरर हे ऑरबाख यांच्यासारखेच रोमान्स भाषांचे प्राध्यापक. त्यांचाही या जागेवर डोळा होता. त्यांना ती मिळाली नाही. पत्नी ज्यू नव्हती म्हणून ते छळछावणीतून वाचले, ज्यूंसाठी राखलेल्या घरांतून दिवस काढत राहिले, ग्रंथालयाची दारे बंद झाल्यावर रोजनिशी लिहीत राहिले. त्या नोंदींतून नाझींच्या भाषेचा अभ्यास, ‘एलटीआय’, १९४७ साली प्रसिद्ध झाला. एका नेमणुकीच्या अलीकडे ‘मिमेसिस’ आणि पलीकडे ‘एलटीआय’. ‘प्रतिभेला परिस्थितीची तमा नसते’ असे म्हणणाऱ्यांनी या दोन ग्रंथांची रूपे शेजारी ठेवून पाहावीत. एक ग्रंथ तीन हजार वर्षांच्या वाङ्मयावरून सावकाश फिरतो. दुसरा चोरून केलेल्या टिपणांचा आहे, तुकड्यातुकड्यांचा आहे. दोन्ही थोर आहेत, पण त्यांचे आकार पगारपत्रकाने घडवले आहेत.

लंडनमध्ये याच काळात दुसरी संस्था जन्माला आली. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे संचालक विल्यम बेव्हरिज व्हिएन्नात असताना त्यांना बडतर्फ्यांची बातमी कळली. हंगेरियन पदार्थवैज्ञानिक लिओ झिलार्ड तिथेच त्यांना भेटले. मे १९३३ मध्ये ‘अकॅडेमिक असिस्टन्स कौन्सिल’ची घोषणा झाली. रदरफर्ड अध्यक्ष झाले. निवेदनावर चाळीसहून अधिक सह्या होत्या आणि त्यांत केन्स होते, इतिहासकार ट्रेव्हेलियन होते, कवी आणि लॅटिनचे प्राध्यापक हाउसमन होते, महाकाव्याच्या चर्चेत आपण ज्यांचे नाव घेतो ते लॅसेल्स ॲबरक्रॉम्बीही होते. ३ ऑक्टोबर १९३३ रोजी रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये सुमारे दहा हजारांच्या समुदायापुढे आइन्स्टाइन बोलले. सह्या आणि सभा यांचे महत्त्व आम्ही नाकारत नाही. परंतु सभा एका संध्याकाळी संपते. दुसऱ्या दिवशी सकाळी पत्रे कोण लिहिते?

रॉयल सोसायटीने बर्लिंग्टन हाउसच्या माळ्यावरच्या दोन लहान खोल्या संस्थेला दिल्या होत्या. जुलै १९३३ पासून तिथे एस्थर सिम्प्सन बसू लागल्या. १९०३ साली लीड्समध्ये, रशियन साम्राज्यातून आलेल्या ज्यू कुटुंबात जन्म. लीड्स विद्यापीठातून फ्रेंच आणि जर्मन या विषयांत पहिल्या वर्गाची पदवी. म्हणजे शिक्षणाने त्या आपल्याच, भाषा-साहित्याच्या गोत्रातल्या. जिनिव्हातील चांगली नोकरी सोडून त्या आठवड्याला अडीच पौंडांवर आल्या. आधीच्या पगाराच्या तो एक-तृतीयांश होता. हुद्दा सहायक सचिव. सचिव वॉल्टर ॲडम्स हे इतिहासाचे अध्यापक. तेही अध्यापनाची नोकरी सोडून आले होते.

या खोल्यांतले काम कसे चाले, ते पाहण्यासारखे आहे. येणाऱ्या प्रत्येकाकडून एक प्रश्नावली भरून घेतली जाई. वय, विषय, अवलंबून असणारी माणसे, किती भाषा येतात, सध्याचे उत्पन्न काय; आणि उष्ण कटिबंधात, अतिपूर्वेला, सोव्हिएत रशियात, दक्षिण अमेरिकेत जाण्याची तयारी आहे काय? काल-परवापर्यंत बर्लिनमध्ये मानाने अध्यासन भूषवणाऱ्या माणसाने या शेवटच्या रकान्यात ‘हो’ लिहिताना काय अनुभवले असेल, यावर कादंबरी लिहिता येईल. मग त्या विषयातील जाणकारांकडून अभिप्राय मागवायचे, समितीपुढे प्रकरण ठेवायचे. विवाहितास वर्षाला २५० पौंड, अविवाहितास १८२ पौंड, असे अनुदान. ही रक्कम माणूस जगेल आणि अभ्यास करत राहील, एवढीच होती. ती मुदतीची असल्याने तेवढ्या अवधीत जगाच्या पाठीवर कुठे कायमची जागा रिकामी आहे, हे शोधण्याचे काम सिम्प्सन यांच्याकडे. १९३६ साली लंडनहून ‘विस्थापित जर्मन विद्वानांची सूची’ छापली गेली, ती श्वार्ट्झ यांच्या संघटनेने. प्रत्येक नावापुढे जन्मवर्ष, लग्न झाले आहे की नाही, मुले किती, भाषा कोणत्या, आणि अखेरीस एक लहानसा शेरा: कायम, तात्पुरता किंवा ‘जागा नाही’. विसाव्या शतकाच्या वाङ्मयेतिहासात या सूचीला स्थान असावे, असे आम्हांस वाटते. चरित्रनायक तिथे एका ओळीत मावतो.

१९४० मध्ये ब्रिटनने जर्मन-ऑस्ट्रियन नागरिकांना ‘शत्रुराष्ट्राचे’ म्हणून सरसकट स्थानबद्ध केले, तेव्हा आधी वाचवलेल्यांतले शेकडो विद्वान पुन्हा तारेच्या कुंपणाआड गेले. सिम्प्सन पुन्हा कामाला लागल्या. एकेकाच्या सुटकेसाठी स्वतंत्र अर्ज तयार होऊ लागला. पार्लमेंटात शरीरक्रियाशास्त्रज्ञ ए. व्ही. हिल यांनी हा प्रश्न लावून धरला.

संस्थेच्या कामगिरीविषयी बोलताना एक आकडा हमखास सांगतात: तिने आधार दिलेल्यांपैकी सोळा जणांना पुढे नोबेल मिळाले. आकडा खरा आहे आणि आम्हांस तो खटकतो. साहाय्याचे समर्थन परताव्यावर करायचे ठरवले, की ज्यांच्याकडून परतावा दिसत नाही त्यांची फाईल खाली जाते. हे केवळ तर्काचे बोलणे नव्हे. न्यूयॉर्कमध्येही १९३३ पासून अशीच एक समिती होती. तिच्याकडे सुमारे सहा हजार विद्वानांनी साहाय्य मागितले आणि ३३५ जणांना ते मिळाले. अगदी तरुणांना टाळावे, म्हणजे अमेरिकन तरुणांशी स्पर्धा नको, आणि वृद्धांनाही टाळावे, असे धोरण होते. फ्रेंच राज्यक्रांतीच्या इतिहासकार हेडविग हिंट्से यांना न्यूयॉर्कच्या न्यू स्कूलने जागा देऊ केली होती. परंतु त्या अमेरिकेत पोहोचू शकल्या नाहीत आणि जुलै १९४२ मध्ये हॉलंडमधील उट्रेख्ट येथे त्यांचा अंत झाला. लॉरेल लेफ यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात अमेरिकी विद्यापीठांनी ‘वाचवण्यायोग्य’ कोण हे कसे ठरवले, याचा तपशील आहे. संशोधकांसाठी काम करणाऱ्या प्रत्येक संस्थेच्या कार्यकर्त्यांनी तो वाचावा. सिम्प्सन यांचे मोठेपण आम्हांस नोबेलच्या आकड्यात दिसत नाही. ज्यांना पुढे कोणतेच पारितोषिक मिळाले नाही त्यांनाही त्या नावानिशी ओळखत होत्या, दशकानुदशके पत्रे लिहीत होत्या, त्यांत ते दिसते. त्यांच्या निधनाला १९९६ मध्ये त्र्याण्णव वर्षांचे आयुष्य पुरे झाले होते. त्या खोल्यांतली कागदपत्रे आज ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहेत, आणि संस्था नाव बदलत बदलत ‘कारा’ म्हणून अजून चालू आहे.

भारताचे दारही या निर्वासितांनी ठोठावले होते. १९३५-३६ मध्ये मॅक्स बॉर्न सहा महिने बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत होते. चंद्रशेखर वेंकट रामन यांना त्यांच्यासाठी कायमचे पद हवे होते. बैठकीत एका इंग्रज प्राध्यापकाने, स्वदेशातून हाकललेला दुय्यम दर्जाचा परकी माणूस संस्थेला कशाला हवा, अशा अर्थाचे भाषण बॉर्न यांच्यासमक्ष केले. बॉर्न यांनी आठवणींत ते नोंदवले आहे. पद झाले नाही. बॉर्न एडिंबरोला गेले आणि १९५४ साली त्यांना नोबेल मिळाले. पण ते मिळाले नसते तर तो प्राध्यापक बरोबर ठरला असता काय?

आता आपल्याकडे. आपल्या संशोधकांवर हिटलर चालून आलेला नाही, आणि तशी तुलना करणे त्या मृतांचा अपमान होईल. तुलना फक्त एवढ्यापुरती, की काम चालू राहण्यासाठी लागणारा किमान पैसा कुठून आणि केव्हा येतो. महाराष्ट्रात मराठीत पीएच.डी. करणारे, नेट-सेट झालेले कितीतरी जण तासिका तत्त्वावर शिकवतात. जितके तास तितके मानधन, सुट्टीत काही नाही, आणि जूनमध्ये पुन्हा नेमणूक होईल की नाही याची चिंता. बार्टी, सारथी, महाज्योती यांच्या अधिछात्रवृत्त्यांनी अनेकांच्या घरातला पहिला संशोधक उभा केला, हे निर्विवाद आहे. परंतु त्याच वृत्तीसाठी २०२३ साली बार्टीच्या संशोधकांना आझाद मैदानावर बसावे लागले. वृत्ती देणारा माणूस आणि वृत्ती घेणारा माणूस यांच्यामध्ये माळ्यावरच्या खोलीत बसून पत्र लिहिणारे कोणी नसले, की उरते ते पोर्टल आणि मैदान.

आपल्याकडे प्रबंधाच्या ऋणनिर्देशात मार्गदर्शक येतात, प्राचार्य येतात, सहचारिणी येते, अक्षरजुळणी करणारेही येतात. वर्षभर ज्याने दुसऱ्या महाविद्यालयात चार तास मिळवून दिले, तो मित्र येत नाही. तो प्रसंग विद्वत्तेच्या भाषेत मांडता येत नाही, असा आपला समज आहे.

१९३३ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या अध्यापकांनी स्वतःच्या वेतनातला ठरावीक हिस्सा परागंदा सहकाऱ्यांसाठी द्यायचे कबूल केले होते. पूर्ण वेतनश्रेणीत असलेले आम्ही मराठीचे प्राध्यापक हे करू शकत नाही, असे मानण्याचे कारण दिसत नाही. ही शासनाची जबाबदारी आहे, असा आक्षेप येईल. ती आहेच, आणि तिच्यासाठी भांडण चालू ठेवावे. पण मेमध्ये ज्याचे मानधन थांबते त्याचा जून त्या भांडणाच्या निकालापर्यंत थांबत नाही. विद्यापीठनिहाय मराठी अध्यापकांचे संघ आहेत, त्यांची अधिवेशने भरतात. कोण संशोधक कुठे आहे, त्याचा विषय काय, त्याला किती तास आहेत, सुट्टीत तो काय करतो, अशी साधी सूची एखाद्या संघाने तरी ठेवावी. ती अद्ययावत ठेवणाऱ्या व्यक्तीला मानधन द्यावे, आणि येत्या अधिवेशनाच्या विषयपत्रिकेत हा विषय शाल-श्रीफळाच्या आधी घ्यावा, अशी आमची सूचना आहे.