काळ्या पडद्यावरचा कर्सर

१९८४च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारचे नवे संगणक धोरण जाहीर झाले. त्याच वर्षी विवेकानंद एज्युकेशन सोसायटीने चेंबूरमध्ये अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू केले. संगणकाच्या वातानुकूलित खोलीत शिरताना तेव्हा पादत्राणे बाहेर काढण्याची पद्धत होती. कारण अर्थात धूळ, श्रद्धा नव्हे. फ्लॉपी घरघरली की काळ्या पडद्यावर ‘ए’ हे अक्षर उमटे आणि शेजारी कर्सर लुकलुकत राही. आज्ञा पाठ नसतील तर डॉस एक पाऊलही पुढे जाऊ देत नसे. सव्वापाच इंची फ्लॉपीत मावत अवघे ३६० किलोबाइट. मोबाइलवरचे आजचे एक छायाचित्रही त्यात सहसा बसणार नाही.

डॉसला मराठी येत नव्हती. आयआयटी कानपूरमध्ये जन्मलेल्या आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकने वाढवलेल्या जिस्ट तंत्राने ती उणीव भरून काढली. विंडोज आल्यावर मात्र प्रत्येक कंपनीचा फॉन्ट वेगळा आणि त्याचे संकेतही वेगळे. स्मरणरंजनात हा भाग सोयीस्करपणे गळतो. त्या वर्षांत टंकलिखित झालेल्या वंशावळी, आजोबांच्या आठवणी, विश्वस्त मंडळांची इतिवृत्ते आज उघडली तर अक्षरांऐवजी निरर्थक चिन्हे दिसतात. मजकूर नष्ट झालेला नसतो. मूळ फॉन्टचे नाव ठाऊक असेल तर परिवर्तकाच्या साहाय्याने तो बहुधा युनिकोडमध्ये आणता येतो. फ्लॉपीला मात्र मुंबईच्या दमट हवेत बुरशी धरते. आणि ते नाव ज्यांना आठवेल, ती टंकलेखन करणारी मंडळी आता साठी-सत्तरीत आहेत.