स्वस्त टायरचा हिशेब

परदेशी मालाची भुरळ गोमंतकाला पोर्तुगीज आमदानीपासूनची. १२ जून २०२० रोजी केंद्राने मोटारींच्या नव्या टायरांची आयात परवान्याखाली आणली. त्यानंतरही कुठे स्वस्त परदेशी जोड दिसला, तर तो स्वस्त का, हे आधी विचारावे. टायरच्या बाजूवर कोरलेल्या चार अंकांपैकी पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. गोदामात वर्षे काढलेले रबर कडक होते. मग मृगाच्या पहिल्या सरीत, खनिजाच्या तांबड्या धुळीचा राडा झालेल्या डिचोलीच्या उतारावर ब्रेक दाबूनही गाडी घसरते. आयएसआय चिन्ह व ताजी तारीख असलेला परदेशी टायर आम्ही त्याज्य मानीत नाही. पण पेडण्याहून मोपा विमानतळावर उतारू नेणाऱ्या भाडोत्री गाडीवाल्याने, निदान पावसाळ्यापुरता, हा मोह टाळावा.