पिकअप रिकामीही चालवून पाहा

आमच्या भागात पिकअप घ्यायची ठरली की पहिला प्रश्न असतो, "किती टन उचलते?" दुसरा ॲव्हरेजचा. गाडी अंगाला कशी लागते, हे कोणीच विचारत नाही. ज्याला ती रोज चालवायची, तोही नाही.

लाखनी तालुक्यात माझी धानाची शेती आहे, जोडीला पिकअप चालवतो. धान निघाला की तुमसरचा बाजार, एरवी भाजीपाला घेऊन रात्रीचा कळमन्याचा बाजार. जाताना डाला भरलेला असतो आणि गाडी रस्त्याला बसून चालते. कंबर मोडते ती येताना, डाला रिकामा असतो तेव्हा. तोच रस्ता, तोच स्पीड, पण भरल्या गाडीत जो खड्डा कळलाही नव्हता, तो आता मणक्यात जाणवतो.

कारण मागच्या चाकाशी वाकून पाहिलं तर दिसतं. स्प्रिंगचे वरचे पाटे कमानीसारखे वळलेले, आणि गठ्ठ्याच्या तळाशी बऱ्याच पिकअपना एक-दोन जाड, जवळजवळ सरळ पाटे. हे खालचे पाटे ओझं आलं की कामाला लागतात. म्हणजे कंपनीने सोय ठेवलेली आहे: कमी वजनाला थोडे पाटे, जास्त वजनाला सगळे. आपण काय करतो? नवी गाडी शोरूममधून निघाली की थेट पाट्याच्या दुकानात नेतो आणि दोन्ही बाजूंना एकेक जास्तीचा पाटा टाकून घेतो. गाडी मागून उचललेली दिसते, मालक खूश. पण रिकाम्या गाडीत तो ताठ गठ्ठा लवतच नाही, आणि सगळा हादरा चेसिसमधून सीटला येतो. शिवाय पाटा वाढवल्याने ॲक्सल, ब्रेक आणि टायरची ताकद वाढत नाही, पासिंगचं वजनही तेवढंच राहतं. माझं स्पष्ट मत आहे, हा पाटा टाकू नये. पावसाळ्यानंतर आहेत तेच पाटे साफ करून घ्यावेत. गंजून एकमेकांना धरलेले पाटे बारीक खड्ड्यांवर हलतच नाहीत.

गाडीची लांबीही तितकीच महत्त्वाची. २००५ मध्ये आलेल्या टाटा एसचा, म्हणजे आपल्या छोट्या हत्तीचा व्हीलबेस २१०० मिलिमीटर. गावातल्या बोळात तो सोन्यासारखा, पण ड्रायव्हर जवळजवळ पुढच्या चाकावर बसतो आणि आखूड गाडी स्पीडब्रेकरवर पुढे-मागे डुलते. बोनेटवाल्या लांब पिकअपमध्ये ड्रायव्हर चाकाच्या मागे बसतो, म्हणून हायवेला तीच बरी. डबल कॅबची मागची सीट मागच्या ॲक्सलच्या पुढे येते, त्यामुळे माणसं नीट बसतात, पण डाला लहान होतो. आराम की वजन, हा पेच अमेरिकेतही आहे. तिथे रॅम २५०० या पिकअपला २०१४ पासून मागे कॉइल स्प्रिंग आहे, आणि जास्त वजन वाहणाऱ्या ३५०० ला पाटेच ठेवलेत.

रोवणीच्या दिवसांत आपल्याकडे बाया याच डाल्यात बसून बांधीवर जातात. त्यातही ज्या फाळक्याला टेकून, मागच्या चाकाच्याही मागे बसतात, त्यांना सगळ्यात जास्त उसळी बसते. दिवसभर चिखलात वाकून काम केलेल्या कंबरेला हे सोसवत नाही. मालवाहू गाडीतल्या अशा प्रवाशांची भरपाई विमा कंपनीवर येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये आशा राणी खटल्यात सांगितलेलं आहे. अपघात झाला तर मालकाचं घर विकावं लागेल. या बायांसाठी सीट असलेली गाडीच करायला हवी.

गडेगावला अशोक लेलँडचा कारखाना आहे, वरठीला सनफ्लॅगचं पोलाद तयार होतं. गाड्यांचं काम जाणणारी माणसं आमच्या जिल्ह्यात घरोघरी आहेत. खरेदीआधी त्यांना विचारा. रोजचा माल टनाच्या आत असेल तर पावणेदोन टनांची गाडी घेऊन वर्षभर हादरे खाऊ नका. आणि डीलरकडे ट्रायल मागाल ती दोनदा मागा: एकदा डाल्यात पोती भरून, एकदा रिकामी, दोन्ही वेळा गावच्या रस्त्यावर. तो नाही म्हणाला, तर दुसऱ्या डीलरकडे जा.