पॉडकास्ट वर्गाला जोड हवा, पर्याय नको

शूद्राने वेद ऐकला तर त्याच्या कानात वितळलेले कथील किंवा लाख ओतावी, असे गौतम धर्मसूत्र सांगते. हा दंड लिहिणाऱ्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती. अक्षर न येणाऱ्या माणसातही ज्ञान कानांवाटे शिरते. म्हणून त्यांनी पोथीबरोबर आमच्या कानांनाही कुलूप घातले.

ते कुलूप फुले-आंबेडकरांच्या लढ्याने तोडले. कुलूप तुटल्यावर आमचा समाज आधी कानांनीच शिकला. चाळीत एक साक्षर माणूस ‘जनता’चा अंक मोठ्याने वाचायचा आणि भोवती बसलेले ऐकायचे. शाहिरांनी आंबेडकरी जलसे गावोगावी नेले आणि ज्यांना पाटी-पेन्सिल मिळाली नव्हती त्यांच्यापर्यंत बाबासाहेबांचा विचार पोहोचवला. आज आमच्या वस्तीतील पोरापोरींच्या कानात फोनची वायर असते. त्यातून गाणी येतात, क्रिकेट येते, नाही नाही ते येते. मग त्याच वायरीतून त्यांच्या बी.ए., बी.कॉम.चा धडा का येऊ नये, हा आमचा सवाल आहे.

प्राध्यापकाने विषय बोलून ध्वनिमुद्रित करायचा आणि विद्यार्थ्याने तो फोनवर उतरवून सवडीने ऐकायचा, यालाच पॉडकास्ट म्हणतात. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाने २००४ साली पहिल्या वर्षाच्या सोळाशेहून अधिक विद्यार्थ्यांना आयपॉड वाटले होते. तेव्हा ही श्रीमंतांची चैन वाटली. आज साध्या फोनमध्ये ते सारे आहे. तरीही महाविद्यालयाने ठरवून, विषयवार, मराठीतून असे धडे करून विद्यार्थ्यांच्या हाती दिले, असे क्वचितच दिसते.

याची गरज कोणाला आहे? बाबासाहेबांनी १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले, तेव्हा वर्ग सकाळी भरवले. दिवसा नोकरी करणाऱ्या मुलाला शिकता यावे हा त्यामागचा हेतू होता. महाविद्यालयाच्या वेळेसाठी विद्यार्थ्याने पोट मारू नये, विद्यार्थ्याच्या पोटासाठी महाविद्यालयाने आपली वेळ बदलावी, असा हा विचार होता. आज आमची मुले रात्री सुरक्षारक्षकाची ड्युटी करतात, दिवसभर दुचाकीवरून पार्सल पोहोचवतात, हंगामात आईबापांबरोबर कापूस वेचायला आणि ऊस तोडायला जातात. मुलगी कॉलेजातून एस.टी.ने घरी आली की चुलीपुढे बसते. तिचा तास बुडतो तो आळसामुळे बुडत नाही. बुडालेला तास तिला भाकरी थापताना ऐकता आला, तर सिद्धार्थच्या सकाळच्या वर्गाचा तो विचार पुढे गेला असेच आम्ही म्हणू.

दुसरी गोष्ट याहून नाजूक आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेले आमचे पोर अर्थशास्त्राच्या तासाला बसते. ‘मागणीची लवचीकता’ एका दमात सांगून प्राध्यापक इंग्रजी संज्ञांवर जातात. पोराला कळत नाही, पण ते हात वर करत नाही. त्याचे उच्चार, त्याचे आडनाव, त्याची शिष्यवृत्ती यांवर हसणारे वर्गात बसलेले असतात. ‘पुन्हा सांगा सर’ एवढे तीन शब्द उच्चारण्याची किंमत आमच्या मुलांना फार मोठी पडते. ध्वनिमुद्रित धडा दहा वेळा मागे नेला तरी कोणी हसत नाही. पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याला मिळालेली ही सवलत लहान नाही.

तिसरी गोष्ट खर्चाची. २०२० च्या टाळेबंदीत शिक्षण ऑनलाइन झाले आणि कोणाची मुले मागे पडली हे साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. त्याआधीच्या २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातील अवघ्या ४.४ टक्के कुटुंबांकडे संगणक होता आणि १४.९ टक्के कुटुंबांकडे इंटरनेटची सोय होती. अशा घरांतील मुलांना रोज चार-चार तास चित्रफितीचे वर्ग पाहायला सांगणे ही चेष्टा होती. आवाजाचे तसे नाही. एक तासाचे भाषण ६४ केबीपीएस दर्जाने साठवले तर सुमारे २९ एमबी होते, ३२ ने साठवले तर त्याच्या निम्मे. चित्रफितीला याच्या कित्येक पट डेटा लागतो. कॉलेजात एकदा उतरवलेला धडा मेमरी कार्डावरून, ब्लूटूथवरून दहा जणांना देता येतो. गावात रेंज नसली तरी तो वाजतो. दृष्टिहीन विद्यार्थ्यांना याचे मोल नव्याने सांगायला नको. ते कॅसेटच्या जमान्यापासून कानांनी अभ्यास करत आले आहेत.

एवढे गुण गायल्यावर मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. न्यूयॉर्क राज्य विद्यापीठाच्या फ्रेडोनिया येथील मानसशास्त्रज्ञांचा एक छोटा प्रयोग २००९ साली प्रसिद्ध झाला. पॉडकास्ट ऐकून टिपणे काढणाऱ्या विद्यार्थ्यांनी प्रत्यक्ष व्याख्यानाला बसलेल्यांपेक्षा जास्त गुण मिळवले. नुसते ऐकून सोडून देणाऱ्यांना असा लाभ झाला नाही. पुढच्याच वर्षी अमेरिकेतील आणखी एका अभ्यासात तोच मजकूर वाचणारे विद्यार्थी ऐकणाऱ्यांच्या पुढे गेले. याचा अर्थ स्वच्छ आहे. ऐकताना हातात पेन हवे आणि ऐकल्यावर पुस्तक उघडले पाहिजे. ग्रंथांसाठी घर बांधणाऱ्या बाबासाहेबांच्या अनुयायांनी वाचन सोडून कानात वायर घालून बसावे, असे आम्हाला मुळीच म्हणायचे नाही.

आता खरा धोका. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनुसार एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत विषय ‘स्वयम्’ या ऑनलाइन मंचावरून घेण्याची मुभा आहे. दुसरीकडे महाराष्ट्रात प्राध्यापकांच्या मंजूर जागा वर्षानुवर्षे रिकाम्या ठेवायच्या आणि नेट, सेट, पीएच.डी. झालेल्या तरुणांना तासिका तत्त्वावर राबवायचे, हा प्रकार आमच्या वाचकांच्या घराघरांत माहीत आहे. या दोन गोष्टी एकत्र करून पाहा. उद्या एखादा संस्थाचालक म्हणेल, ‘धडे ध्वनिमुद्रित आहेत, मग माणूस कशाला?’ जागाच भरली नाही तर बिंदुनामावलीही कागदावर राहते. म्हणजे आमच्या शिकणाऱ्या पोराचा शिक्षक गेला आणि शिकलेल्या पोराची नोकरीही गेली! श्रीमंतांच्या मुलांना समोर उभा असलेला प्राध्यापक आणि आमच्या मुलांना त्याचा नुसता आवाज, ही नवी चातुर्वर्ण्य व्यवस्था आम्ही चालू देणार नाही.

म्हणून काही अटी आजच ठरवल्या पाहिजेत. पॉडकास्ट भरलेल्या वर्गाला जोड म्हणून असावा, रिकाम्या जागेची भरपाई म्हणून नव्हे. त्याचा एकही मिनिट प्राध्यापकाच्या कार्यभारातून वजा होऊ नये. तासिका तत्त्वावरील शिक्षकाने धडा बोलून दिला तर त्याचे वेगळे मानधन मिळावे आणि तो सोडून गेल्यावर त्याचा आवाज फुकट वापरला जाऊ नये. वर्गातील प्रश्नोत्तरे ध्वनिमुद्रित करू नयेत, नाहीतर आधीच गप्प असलेला विद्यार्थी कायमचा गप्प होईल. परीक्षेतील हजेरीचे गुण ऐकण्याला जोडू नयेत, कारण प्रत्येकाच्या हाती स्वतःचा फोन नाही.

धडा कसा असावा? दहा ते पंधरा मिनिटांचा, एका धड्यात एकच संकल्पना. भाषा घरातली मराठी, पण इंग्रजी संज्ञा सावकाश उच्चारून तिचा अर्थ सांगितलेला, कारण उत्तरपत्रिका आणि स्पर्धा परीक्षा दोन्हींना ती लागते. शेवटी दोन प्रश्न, त्यांची उत्तरे वहीत लिहून पुढच्या तासाला आणायची. सोबत एक पानाचे टिपण, म्हणजे ज्याला ऐकू येत नाही तोही वंचित राहणार नाही.

आणि सरकारची वाट कशाला पाहायची? समाजबांधवांनो, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणाला साठ वर्षे झाल्यामुळे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनावरील स्वामित्वहक्काची मुदत २०१६ अखेर संपली. १९२३ चा ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यासाठी, १९३६ चे ‘अॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यासाठी आणि ‘मूकनायक’, ‘बहिष्कृत भारत’मधील त्यांचे मराठी अग्रलेख सर्वांसाठी आपण मूळ शब्दांत वाचून ध्वनिमुद्रित करू शकतो. आमच्यात निवृत्त प्राध्यापक आहेत, वकील आहेत, बँकेत आयुष्य घालवलेले पदवीधर आहेत. दर रविवारी विहारात वंदना झाल्यावर दरवाजे लावून एका फोनवर एक धडा बोलला, तरी वर्षाला पन्नास धडे होतात. वसतिगृहांनी ते साठवावेत, बार्टीने त्यांची यादी करावी, विद्यार्थी संघटनांनी ते गावोगावी पोहोचवावेत. जयंतीला डीजेवर होणाऱ्या खर्चाचा एक तुकडा यासाठी पुरेसा आहे.

ज्यांच्या कानात शिसे ओतण्याची भाषा झाली, त्यांच्या नातवंडांच्या कानात आता अर्थशास्त्र, कायदा आणि विज्ञान पडले पाहिजे. मात्र त्याच वेळी महाविद्यालयात जाऊन रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवण्याचे काम थांबता कामा नये. फोनमधला धडा आम्ही घेऊ आणि वर्गातला शिक्षकही घेऊ. दोन्ही आमच्या हक्काचे आहेत.

जयभीम!