पाहुणे कोण गावचे?

नवरात्राच्या सुमारास मोकळ्या मैदानावर पिवळसर चतुरांचे थवे घिरट्या घालताना आपण सर्वांनीच पाहिले आहेत. पुढे घरोघरी आकाशकंदील चढतात आणि थवे विरळ होतात. ‘मेले असतील बिचारे,’ असे म्हणून आपण चकलीकडे वळतो. पण यांतले पुष्कळसे मेलेले नसतात हो, परदेशी गेलेले असतात!

शास्त्रज्ञ याला पँटाला फ्लॅवेसेन्स म्हणतात. आपल्या भाषेने मात्र या साऱ्या कुळालाच ‘चतुर’ म्हटले, आणि काडीसारख्या चुलत भावंडांना ‘टाचणी’. मराठीचा मास्तर म्हणून मला या नामकरणाचे फार कौतुक वाटते.

याची चतुराई दिसते ती बाळंतपणाची जागा निवडताना. मादी पावसाने नुकत्याच साचलेल्या उथळ डबक्यावर शेपटी टेकवीत अंडी घालते. अशा डबक्यात पिल्ले खायला मासे नसतात. मात्र डबके आटण्यापूर्वी मोठे व्हायचे, ही अट! काही जातींच्या चतुरांचे बालपण पाण्यात वर्षभर चालते. हा दीड-दोन महिन्यांत उरकतो. तेवढ्यात खालचा ओठ हातासारखा पुढे फेकून डासांच्या अळ्या मटकावतो. श्वासासाठी पाणी घेतो ते मागच्या दाराने, आणि तेच जोराने सोडून पुढे पळतो. हा तपशील फराळाच्या वेळी वाचू नये!

मालदीवमध्ये राहणारे सागरी जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांना दर ऑक्टोबरात तिथे चतुरांचे थवे उतरताना दिसत. त्या बेटांवर गोड्या पाण्याची तळी जवळजवळ नाहीतच. मग हे पाहुणे कोण गावचे? 2009 साली त्यांनी उत्तर मांडले : भारतातून निघून, उंचावरच्या ईशान्य वाऱ्यांवर स्वार होऊन हे पूर्व आफ्रिकेकडे जातात. तिथल्या पावसात त्यांची पोरे वाढतात आणि पुढल्या पिढ्या आपल्या मोसमी पावसाबरोबर परततात. जाऊन येऊन 14 ते 18 हजार किलोमीटर, साधारण चार पिढ्यांत! याच वाटेने अमूर ससाणेही जातात, आणि शिदोरी म्हणून बहुधा चतुरच खातात.

पुढे 2012 साली पंखांतल्या हायड्रोजनची तपासणी झाली. मालदीवला पोचलेले चतुर उत्तर भारतात किंवा त्याहीपलीकडे जन्मलेले असावेत, असे तीवरून दिसले.

समुद्र ओलांडणाऱ्या या प्राण्याला आपल्याकडून हवे काय, तर दोन महिने टिकणारे एक डबके. नेमके तेच आपल्याला बुजवायचे असते. डासांच्या भीतीने म्हणाल, तर डास खाणाऱ्याचा पाळणाही त्यातच असतो.

आमच्या बिऱ्हाडामागच्या खोलगट जागेत पाणी साचायचे. तिथे आता फरशी झाली आहे. यंदा श्रावणात एक मादी तिथे उभ्या असलेल्या काळ्या मोटारीच्या टपावर पुन्हा पुन्हा शेपटी टेकवीत होती. तकतकीत पत्र्यावरून परतणारा प्रकाश या जातीला पाण्यासारखाच भासतो. ऊन चढेपर्यंत तिचे ते चालले होते. मग रखवालदार आला आणि त्याने फडक्याने मोटार पुसून काढली.