बाह्यांआडचे चट्टे

नालासोपाऱ्याच्या पश्चिमेला कळंबचा समुद्रकिनारा आहे. सुट्टीच्या दिवशी तेथे कुटुंबेच्या कुटुंबे येतात. त्या गर्दीत सोरायसिसचा रुग्ण सहसा ओळखू येत नाही, कारण भर उन्हातही त्याच्या बाह्या मनगटापर्यंत ओढलेल्या असतात. कोपरांवरचे लालसर चट्टे, त्यांवरचे चंदेरी खवले कोणाच्या दृष्टीस पडू नयेत, एवढीच त्याची धडपड असते. गंमत अशी की, ज्या उन्हापासून तो कातडी झाकतो, ते ऊन या व्याधीवरचा फार जुना उपाय आहे.

उन्हातील अतिनील किरणांमुळे त्वचेत ठाण मांडून बसलेल्या टी-पेशी नष्ट होतात. या पेशी म्हणजे शरीराच्या पहारेकरी. जंतूंना अडविणे हे त्यांचे काम. सोरायसिसमध्ये शत्रू नसताना त्या सज्ज होतात. डेंड्रायटिक पेशी इंटरल्युकिन-२३ सोडून त्यांना चिथावणी देतात, टी-पेशी इंटरल्युकिन-१७ सोडतात आणि त्या निरोपासरशी त्वचेच्या पेशी घाईने वाढू लागतात. एरवी सुमारे चार आठवडे चालणारे काम काही दिवसांत उरकले जाते. अपक्व पेशींचे थर साचतात, तेच खवले. दवाखान्यात ३११ नॅनोमीटरच्या आसपासचे किरण मोजून दिले जातात. किनाऱ्यावर अंग भाजून घेणे हा त्याला पर्याय नव्हे; भाजल्या-खरचटल्या जागी नवे चट्टे उमटू शकतात.

दोष पहारेकऱ्यांचा आहे, हे ध्यानात आले तेही काहीसे अनपेक्षितपणे. १९७९ मध्ये सांध्यांच्या विकारासाठी सायक्लोस्पोरिन हे टी-पेशींना आवरणारे औषध दिले असता काही रुग्णांचे चट्टेही ओसरले. तोवर हा केवळ त्वचेचा रोग मानला जाई. पुढे नेमक्या रेणूंवर नेम धरणारी इंजेक्शने आली. बंगळूरच्या बायोकॉनने क्युबातील संशोधन संस्थेच्या सहकार्याने विकसित केलेले इटोलिझुमॅब टी-पेशींवरील सीडी-६ या रेणूला पकडते; त्याला भारतात २०१३ मध्ये मान्यता मिळाली. मात्र प्रतिकारशक्ती आवरणारी अशी इंजेक्शने सुरू करण्यापूर्वी क्षयरोगाची तपासणी टाळू नये. काहींमुळे सुप्त क्षय जागा होतो.

त्वचा स्वच्छ झाली, तरी काही स्मृती-पेशी तेथेच मागे राहतात. चट्टा पुन्हा जुन्याच जागी उगवतो तो यामुळे. ‘कायमचा बरा करू’ अशी जाहिरात वाचताना व्यापारी माणसाने तरी ही थकबाकी विसरू नये.

हा आजार स्पर्शाने, एका ताटात जेवल्याने किंवा एका अंथरुणावर झोपल्याने पसरत नाही. तरीही सोयरीक जुळविताना तो लपविला जातो आणि लपविण्याच्या घाईत दुकानातून आणलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या घेतल्या जातात. त्या एकाएकी थांबविल्या की रोग पूभरल्या फोडांच्या रूपाने उसळू शकतो.

मेथोट्रेक्सेट हे जुने, तुलनेने स्वस्त औषध आजही पुष्कळांना दिले जाते. सोरायसिससाठी ते आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते. रोजचे समजून घेतल्याने प्राणही गेले आहेत. शरीरातील पाणी घटले की ते मूत्रपिंडावाटे बाहेर पडणे मंदावते. म्हणून अठ्ठाईसारखी दीर्घ तपश्चर्या करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारलेच पाहिजे. गोळीच्या पाकिटावर ठळक अक्षरांत वाराचे नाव लिहून ठेवावे आणि घरातील आणखी एकाला तो वार माहीत असावा.